घरच्या डार्करूममधली हवा: येते कुठून, जाते कुठे

डार्करूम, म्हणजे फोटो रसायनांतून काढून छापायची अंधारी खोली, करायला घेतली की माणूस आधी उजेडाच्या मागे लागतो. दाराखाली पट्टी, खिडकीला काळा पुठ्ठा, चावीच्या भोकात कापसाचा बोळा. संध्याकाळपर्यंत खोली अशी बंद होते की हाताला हात दिसत नाही. मग त्याच बंद डब्यात रसायनांचे तीन ट्रे भरून आपण त्यांच्यावर वाकून दोन-तीन तास उभे राहतो. उजेडाची फट बुजवली की हवेचीही बुजते, हे पहिल्या दिवशी सुचत नाही. चौथ्या-पाचव्या प्रिंटला डोळे चुरचुरायला लागले की सुचतं.

मी सुरुवातीला चांगला दणकट एक्झॉस्ट फॅन आणला आणि दारावरच्या झरोक्यात बसवला, कारण भोक तिथे आयतं होतं. आवाज भरपूर, वारा भरपूर, वास मात्र जिथल्या तिथे. फॅन कमी पडतोय असं वाटून मोठा घ्यायच्या बेतात होतो. एकदा सहज उदबत्ती पेटवून खोलीभर फिरलो तेव्हा उलगडा झाला. दाराच्या फटीतून येणारी हवा सरळ वर चढून फॅनमधून निघून जात होती. ट्रे समोरच्या भिंतीला होते आणि तिथला धूर जागचा हलत नव्हता. इतके दिवस तो फॅन फक्त दाराजवळची हवा बदलत होता.

तेव्हापासून मी फॅनच्या आधी वाट आखतो. स्वच्छ हवा कुठून येणार, ट्रेवरून कशी जाणार, कुठून बाहेर पडणार. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

आधी ओळख: कोणत्या ट्रेमधून काय उडतं

डेव्हलपरचा, म्हणजे कागदावर चित्र उमटवणाऱ्या पहिल्या द्रावणाचा, हवेला फारसा उपद्रव नाही. त्यातलं मेटॉल किंवा हायड्रोक्विनोन सहजी उडत नाही. त्रास झालाच तर कातडीला होतो आणि त्यावर उपाय हातमोजे आणि चिमटा. हवेचा प्रश्न पुढच्या दोन ट्रेंचा आहे.

स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारं दुसरं द्रावण, बहुधा पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड असतं, एक-दोन टक्क्यांचं. वास व्हिनेगरचा, म्हणून माणूस त्याला निरुपद्रवी समजतो. ट्रेमधलं सौम्य असतंही, बाटलीतलं तसं नसतं. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड जवळपास निव्वळ ॲसिड असतं. त्याचं झाकण बंद खोलीत उघडू नका, आणि पातळ करताना नेहमी पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी नको.

खरा उपद्रवी फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं तिसरं द्रावण. त्यातलं थायोसल्फेट, सोडियमचं असो वा अमोनियमचं, स्वतः शांत असतं. पण नेहमीचा फिक्सर आम्लधर्मी असतो, त्यात सल्फाइट असतं, आणि त्यातून सल्फर डायऑक्साइड थोडा थोडा सुटत राहतो. काडी ओढल्याबरोबर नाकात जो झणका जातो, तोच हा वायू. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने दिवसभराच्या सरासरीची जी मर्यादा सुचवली आहे ती सल्फर डायऑक्साइडसाठी हवेच्या दहा लाख भागांत २ भाग आणि ॲसेटिक ॲसिडसाठी १० भाग आहे. आकड्यांवरूनच कळेल की फिक्सरकडे जास्त लक्ष द्यायचं. दमा असलेल्यांची छाती याहून कमी प्रमाणातही आवळते. घरात असं कोणी असेल, किंवा तुम्हालाच दमा असेल, तर डॉक्टरांशी बोलूनच या खोलीत पाऊल टाका.

नाकावर मात्र भिस्त ठेवू नका. ते फार लवकर सरावतं. अर्ध्या तासाने वास येईनासा झाला म्हणजे तो गेला असं नाही. खात्री करायची तर बाहेर जाऊन पाच-दहा मिनिटं उघड्यावर थांबा आणि परत आत या. दार उघडल्याबरोबर पहिल्या श्वासाला जे जाणवेल, तोच खरा हिशेब.

पायरी १: सुटतं तिथेच कमी करा

फॅनवर खर्च करण्याआधी हे सगळं करून बघा. निम्मं काम इथेच होतं.

स्टॉप बाथसाठी ॲसेटिकऐवजी सायट्रिक ॲसिड वापरा. लिटरभर पाण्यात १५ ग्रॅमच्या आसपास पुरतं आणि वास जवळपास शून्य. एकच खोड आहे: उरलेलं द्रावण साठवलं की त्यात बुरशी धरते. म्हणून प्रत्येक वेळी ताजं करा आणि काम झालं की टाकून द्या.

फिक्सर उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी घेतला तर गंधकाचा झणका खूप कमी होतो. अल्कधर्मी प्रकारात अमोनियाचा हलका वास येऊ शकतो, तो काहींना सोसतो, काहींना अजिबात नाही. अशा फिक्सरच्या आधी बरेच जण ॲसिडचा स्टॉप बाथ न वापरता साध्या पाण्यात प्रिंट हलवून घेतात.

ट्रे प्रिंटच्या मापाचे ठेवा. आठ बाय दहाच्या प्रिंटला बारा बाय सोळाचा ट्रे म्हणजे हवेला दुपटीहून जास्त पृष्ठभाग मोकळा. मध्ये चहाला उठताना ट्रेवर काचेचा किंवा ॲक्रिलिकचा तुकडा टाकून जा. द्रावणं २० अंशांच्या आसपास असू द्या, गरम फिक्सर जास्त उसासे टाकतो.

आणि एक सवय, जिची किंमत कळायला मला वर्ष लागलं. स्टॉप बाथमधून प्रिंट उचलली की एक कोपरा धरून दहा सेकंद निथळू द्या. न निथळता टाकली की प्रत्येक प्रिंटबरोबर चमचाभर ॲसिड फिक्सरमध्ये जातं. आम्लता वाढत जाते, थायोसल्फेट फुटायला लागतं, वायू वाढतो. शेवटी फिक्सर दुधाळ दिसतो आणि तळाशी पिवळट गंधक बसतं. ट्रेमध्ये असं दूध दिसलं तर फॅनला दोष देऊ नका.

पावडरची रसायनं डार्करूममध्ये कालवू नका. मोकळ्या हवेत, एन-९५ मास्क लावून, पावडर हळूहळू पाण्यात सोडा. पण हा मास्क फक्त धुळीसाठी आहे, वायू त्यातून सरळ आत येतो. तो लावून फिक्सरवर वाकणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. सिंक धुवायला घरातलं ब्लीचिंगचं द्रावणही इथे आणू नका. ॲसिडला लागलं की त्यातून क्लोरीन सुटतो आणि अमोनियाला लागलं की क्लोरामाइन. दोन्ही फुफ्फुसांना घातक.

पायरी २: किती हवा लागेल

डार्करूमसाठी तासाला १० ते १५ वेळा हवा बदलावी असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. हिशेब सोपा आहे. खोली ८ फूट लांब, साडेसहा फूट रुंद आणि ९ फूट उंच असेल तर ४६८ घनफूट हवा झाली. तासाला १० वेळा बदलायची तर ४६८०, भागिले ६०, म्हणजे मिनिटाला ७८ घनफूट. १५ वेळांचे होतात ११७. फॅनच्या खोक्यावर सीएफएम लिहिलेलं असतं ते हेच. खोक्यावर घनमीटर प्रति तास असेल तर सीएफएमला १.७ ने गुणा, ११७ चे साधारण २०० होतात.

आता हातचा एक राखायचा. खोक्यावरचा आकडा फॅन मोकळ्या हवेत, पुढे-मागे काहीच नसताना फिरवून काढलेला असतो. आपण त्याला पाइप लावणार, दोन-तीन वळणं देणार, समोर फिल्टर ठेवणार. प्रत्यक्षात निम्मं मिळालं तरी नशीब म्हणायचं. म्हणून ११७ ची गरज असेल तर २०० ते २५० चा फॅन बघा. भिंतीत बसणारा पात्यांचा साधा फॅन अडथळा आला की लगेच मान टाकतो. पाइपमध्ये मधोमध बसणारा इनलाइन फॅन अडथळ्याला जास्त दाद देत नाही. लांब पाइप असेल तर तोच घ्या.

तासाला १० वेळा म्हणजे सहा मिनिटांत सगळी हवा नवी झाली, असा अर्थ मात्र काढू नका. नवी हवा जुनीत मिसळतच जाते. सहा मिनिटांनी जुनीचा सुमारे ३७ टक्के भाग शिल्लक असतो, १४ मिनिटांनी १० टक्के. काम संपल्यावर फॅन लगेच बंद करू नका म्हणतात ते यासाठी.

पायरी ३: हवेची वाट आखा

कागदावर खोलीचा नकाशा काढा. कोरडी बाजू, म्हणजे एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र), कागदाची खोकी, निगेटिव्ह. ओली बाजू, म्हणजे ट्रे आणि सिंक. हवा कोरड्या बाजूने आत यावी, ट्रेंवरून जावी आणि ट्रेंच्या मागून बाहेर पडावी. येण्याचं आणि जाण्याचं भोक खोलीच्या समोरासमोरच्या टोकांना हवं. ही दोन भोकं जवळजवळ आली की माझ्या दाराचं झालं तसंच होणार.

बाहेर जाण्याचं भोक छतात नको, हा या लेखातला सगळ्यात कामाचा सल्ला समजा. गरम धूर वर चढतो म्हणून स्वयंपाकघरात वरचा फॅन चालतो. इथे द्रावण २० अंशांचं, वर चढायला त्याच्यात ऊब नाही. आणि वरच्या फॅनने वाफ ओढलीच तरी ट्रे आणि छत यांच्या मधे काय असतं? तुमचा चेहरा. सगळा माल नाकावरून जातो. ट्रेच्या काठाच्या किंचित वर, मागच्या भिंतीला ओढ असेल तर वाफ चेहऱ्यापर्यंत पोचण्याआधीच मागे वळते.

येणारी हवा थेट पाठीवरही घेऊ नका. वाऱ्याच्या झोतात आपण खांबासारखे उभे राहतो आणि आपल्या पुढ्यात, नेमक्या नाकासमोर, भोवरा तयार होतो. तो ट्रेवरची वाफ वर खेचतो. हवा बाजूने किंवा तिरकी येऊ द्या. एन्लार्जरवरही सरळ झोत नको, धूळ तिथेच उतरेल.

आत येण्याचा मार्ग बाहेर जाण्याच्या मार्गाहून मोठा ठेवा. सहा इंची पाइपाने हवा बाहेर जात असेल तर आत यायला १२ इंच बाय १२ इंच चौकट द्या. म्हणजे हवा हळू येते, शिट्टी वाजत नाही आणि फिल्टरवर ताण येत नाही. ही हवा घरातून येणार असेल तर घराची एखादी खिडकी उघडी असू द्या. फॅन हवा बाहेर टाकतो म्हणजे तितकीच कुठून तरी आत ओढतो.

याच ओढीचा एक धोका आहे आणि तो रसायनांपेक्षा मोठा आहे. गॅसवर चालणारा गीझर, बंब, शेगडी असं काही डार्करूममध्ये किंवा तिची हवा जिथून येते त्या जागेत असेल, तर फॅनच्या ओढीने जळलेला वायू धुराड्यातून बाहेर जायचा तो उलटा आत येऊ शकतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणसाला कळण्याआधी त्याचं भान जातं. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर ती खोली डार्करूमसाठी नाही. इथे मधला मार्ग नाही.

दाबाचा एक जुना वादही आहे. काही जण म्हणतात, फिल्टर लावून हवा आत ढकला, खोलीत दाब जास्त ठेवा, म्हणजे फटीफटीतून धूळ आत येणार नाही. मुद्दा खरा आहे, पण मग फिक्सरचा वास त्याच फटींतून घरभर जातो. वेगळ्या इमारतीतल्या डार्करूमसाठी ठीक, राहत्या घरात मी ओढणाऱ्या फॅनच्या बाजूचा आहे. धुळीचं बघायला फिल्टर आहे.

पायरी ४: ट्रेमागचा पाइप

हवा फुंकणं आणि ओढणं यात फार फरक आहे. तोंडाने फुंकून हातभर अंतरावरची मेणबत्ती विझवता येते, ओढून विझवता येत नाही. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं अंतर गेलं की ओढ तोंडापाशी असते त्याच्या दहाव्या हिश्श्यावर येते. सहा इंची पाइप ट्रेपासून दीड फूट लांब असेल तर तो ट्रेसाठी नसल्यातच जमा. म्हणून ओढ ट्रेच्या अगदी काठाशी न्यायची.

माझ्याकडे आहे तो सांगतो. सहा इंची पीव्हीसी पाइपचा चार फूट तुकडा ट्रेंच्या मागे भिंतीला आडवा टेकवला आहे. त्याचं एक टोक टोपीने बंद, दुसरं फॅनकडे. ट्रेच्या बाजूला, काठापासून दोन-तीन बोटं वर येतील अशी, एक इंच व्यासाची तीस भोकं दोन रांगांत पाडली. तीस का, तर सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ होतं साधारण साडेतेवीस चौरस इंच, आणि पाइपचं स्वतःचं आहे अठ्ठावीस. भोकांची बेरीज पाइपपेक्षा कमी ठेवली तर चारही फुटांवर ओढ बऱ्यापैकी सारखी राहते. जास्त झाली तर फॅनजवळची चार-पाच भोकंच सगळी हवा खातात आणि बाकीची शोभेला उरतात.

इतकं करूनही फॅनच्या बाजूला ओढ थोडी जास्त राहतेच. तिथे फिक्सरचा ट्रे ठेवा आणि लांबच्या टोकाला डेव्हलपर.

भोकं पाडल्यावर कडा कानसने घासून घ्या. मी कंटाळा केला होता. पाइप लावून फॅन चालू केला तर तीस शिट्ट्यांचा बँड सुरू झाला. पाइप उतरवून प्रत्येक भोक घासायला एक दुपार गेली.

पत्र्याचा पाइप टाळा, ॲसेटिक ॲसिडच्या वाफेने तो गंजतो आणि गंजाचे कण परत ट्रेमध्ये पडतात. इनलाइन फॅन पाइपच्या बाहेरच्या टोकाजवळ बसवा. आवाज आपल्यापासून लांब राहतो, आणि आतल्या पाइपला कुठे चीर असली तरी हवा तिथून आत ओढली जाते, वास बाहेर गळत नाही. बाहेरचं तोंड खरोखर मोकळ्या हवेत निघायला हवं. माळ्यावर, जिन्यात किंवा दुसऱ्याच्या खिडकीखाली सोडलेला पाइप म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात.

पायरी ५: हवा जाईल, उजेड येणार नाही

उजेड सरळ जातो, हवा वळते. एवढ्या एका गोष्टीवर हे सगळं चालतं. पाइपला दोन काटकोनी कोपर जोडून एस आकार करा आणि आतून मॅट काळा रंग द्या. चकचकीत काळा नको, तो आरशासारखा उजेड पुढे ढकलतो. लवचिक ॲल्युमिनियमचा पाइप याच कारणाने फसवा आहे: बाहेरून आरपार दिसत नाही, पण आतून इतका चमकतो की वळणावळणाने उजेड आत आणून सोडतो.

पांढऱ्या पीव्हीसीचं एक गुपित मला उन्हाने शिकवलं. पाइप खिडकीतून बाहेर काढला होता, आत कोपर होते, काळा रंगही होता. तरी दुपारी फिल्म भरायला अंधार केला तर भिंतीशी एक फिकट कंदील पेटल्यासारखा दिसला. ऊन पाइपच्या पांढऱ्या भिंतीतूनच झिरपत होतं. बाहेरच्या भागाला बाहेरून काळा रंग किंवा जाड काळी पट्टी गुंडाळा.

आत येण्याच्या चौकटीला खोकं करा. त्यात समोरून एक आडवी फळी वरून खाली लोंबती, मागे दुसरी खालून वर उभी, अशा दोन-तीन फळ्या एकाआड एक, सगळ्यांना मॅट काळा रंग. फळ्यांमधलं अंतर इतकं ठेवा की हवेला कुठेही १२ बाय १२ च्या चौकटीपेक्षा फार कमी जागा मिळू नये. वारा वळणावर आवळला गेला तर फॅनचं निम्मं बळ तिथेच जातं.

तपासणी अंधारात १५-२० मिनिटं बसून करा, डोळ्यांना तेवढा वेळ लागतोच. आधी फॅन बंद ठेवून आणि मग चालू करून. चालू फॅनच्या ओढीने दाराची पट्टी किंवा पडदा आत खेचला जातो आणि जिथे फट नव्हती तिथे फट पडते. बंद फॅनवर पास झालेली खोली चालू फॅनवर नापास झालेली मी पाहिली आहे. फॅनच्या स्विचवरचा इवलासा दिवाही विसरू नका.

पायरी ६: फिल्टर, आणि फिल्टरबद्दलचे गैरसमज

आत येणाऱ्या हवेला धुळीचा फिल्टर हवाच. निगेटिव्हवर बसलेला एक कण प्रिंटवर पांढरा ठिपका होऊन उतरतो आणि मग बारीक ब्रशने तो बुजवत बसावं लागतं. घडीदार, मर्व्ह ८ (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याची श्रेणी) किंवा त्याच्या आसपासच्या दर्जाचा साधा फिल्टर आपल्या कामाला पुरे. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो हे खरं, पण तो हवेलाही तितकाच अडवतो, आणि मग फॅन धापा टाकतो. मोठ्या क्षेत्रफळाचा साधा फिल्टर छोट्या भारी फिल्टरपेक्षा इथे बरा.

मोठा गैरसमज पुढे आहे. हेपा वायू अडवत नाही. सल्फर डायऑक्साइडला तो जाळीच्या दारासारखा आहे. कोळशाचा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर सेंद्रिय वाफा चांगल्या धरतो, पण सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया साध्या कार्बनला फारसे जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी कार्बनवर किंवा ॲल्युमिनावर खास रसायनाचा लेप द्यावा लागतो, आणि आम्ल वायूचा लेप वेगळा, अमोनियाचा वेगळा. घरगुती एअर प्युरिफायरमध्ये मूठभर कार्बन असतो, तो लवकर भरतो, आणि भरला हे सांगणारं काही नसतं. म्हणून हवा गाळून तीच पुन्हा खोलीत सोडायची, हा मार्ग डार्करूमला लागू पडत नाही. बाहेर टाकणं हाच उपाय.

ओझोन किंवा आयन सोडणारी यंत्रं तर मुळीच आणू नका, ओझोन स्वतःच फुफ्फुसांना त्रास देतो. आणि कुठलंही यंत्र आणलंत तर त्याचे दिवे काळ्या पट्टीने झाका. माझ्या कागदाच्या एका अख्ख्या पाकिटावर राखाडी छटा आली होती. सेफलाइटवर, म्हणजे कागदाला न बाधणाऱ्या डार्करूमच्या मंद दिव्यावर, संशय घेऊन झाला, डेव्हलपर बदलून झाला. शेवटी टेबलाखालच्या प्युरिफायरचा निळा दिवा सापडला.

पायरी ७: फॅनचा कंप

फॅन भिंतीला, भिंत टेबलाला, टेबल एन्लार्जरला. कंप या वाटेने वीस-तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कागदावर उजेड पाडतो तेवढ्या वेळात, उतरतो आणि प्रिंट किंचित मऊ येते. आपण लेन्सला दोष देत बसतो. बघायची युक्ती सोपी: एन्लार्जरच्या पाटावर पाण्याची वाटी ठेवा आणि पाण्यात सेफलाइटचं प्रतिबिंब पहा. फॅन चालू केल्यावर ते थरथरलं तर कंप पोचतोय. फॅन आणि पाइप यांच्या मधे लवचिक तुकडा घाला, फॅन रबरी बैठकीवर टांगा, तरी राहिला तर एक्स्पोजरपुरता फॅन बंद करा.

फॅनचं वायरिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, स्विच ओल्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा आणि त्या लाइनवर विजेच्या गळतीला तुटणारा ब्रेकर बसवा. ओली फरशी, ओले हात आणि अंधार एकत्र आहेत, एवढं पुरे.

पायरी ८: चालतंय का ते बघा

दिवे लावून, कागद-निगेटिव्ह बंद करून उदबत्ती पेटवा. ती प्रत्येक ट्रेच्या पुढच्या काठाशी, म्हणजे तुमच्या पोटाच्या बाजूला, धरा. धूर आडवा होऊन मागच्या भोकांत गेला पाहिजे. सरळ वर चढला तर ओढ कमी आहे. मग स्वतः ट्रेवर वाकून, काम करताना उभे राहता तसे उभे राहून, पुन्हा बघा. माणूस मधे आला की वारा वेगळा वागतो.

किती हवा जाते हे मोजायला कचऱ्याची मोठी पिशवी घ्या. शंभर लिटरची पिशवी चपटी करून पाइपच्या बाहेरच्या तोंडाला धरा आणि फुगायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीन सेकंदांत फुगली तर साधारण ७० सीएफएम, दोन सेकंदांत म्हणजे १०५ च्या पुढे. प्रयोगशाळेची अचूकता नाही यात, पण खोक्यावरच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा. तो पाइपवरच तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तीनाचे पाच सेकंद झाले की फिल्टर चोंदला समजा.

बाथरूममध्ये तात्पुरती डार्करूम असेल तर

पाइप-भोकांचा खटाटोप तिथे जमणार नाही. फॅन बहुधा वर असतो आणि दार एकच. अशा वेळी ट्रे फॅनच्या बाजूच्या भिंतीला, आपण दाराच्या बाजूला, आणि हवा यायला दाराच्या खालच्या भागात फळ्यांचं काळं खोकं. फिक्सर फॅनच्या सगळ्यात जवळ. सायट्रिक स्टॉप बाथ, उदासीन फिक्सर, लहान ट्रे या तीन गोष्टी इथे ऐच्छिक नाहीत. तासाभराने दहा मिनिटं बाहेर पडा, दार उघडं टाकून.

टोनर वेगळ्या दिवशी

टोनर म्हणजे तयार प्रिंटची रंगछटा बदलणारं द्रावण. सल्फाइडचा सेपिया टोनर हायड्रोजन सल्फाइड सोडतो. सडक्या अंड्याचा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला तो वास यायचाच बंद होतो, म्हणून जास्तच वाईट. शिवाय तो न वापरलेल्या कागदावर आणि फिल्मवर धुकं आणतो, म्हणजे बंद कपाटातला साठाही धोक्यात. हे काम उघड्यावर करा किंवा थायोयुरियाचा बिनवासाचा प्रकार घ्या. सेलेनियम टोनरला अमोनियाचा वास असतो. तो ट्रेमागच्या पाइपसमोर चालेल, फॅन पूर्ण वेगावर ठेवून आणि हातमोजे घालून. लाल प्रुशिएटचं, म्हणजे फेरिसायनाइडचं ब्लीच (प्रिंट फिकट करणारं द्रावण) वापरत असाल तर ते तीव्र ॲसिडपासून लांब ठेवा, एकत्र आल्यास विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो.

काम संपल्यावर

द्रावणं बाटल्यांत काठोकाठ भरून झाकणं घट्ट लावा, ट्रे धुऊन पालथे घाला, सांडलेला फिक्सर ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या फिक्सरची पांढरी पूड पुढच्या वेळी धूळ होऊन उडते आणि कोणताही फिल्टर तिला अडवत नाही, कारण ती आतच जन्मलेली असते. फॅन आणखी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. नंतर फिल्म वाळत घालायची असेल तर आधी फॅन बंद करा, दहा मिनिटं थांबून उडालेली धूळ खाली बसू द्या, मग फिल्म टांगा आणि दार लावून घ्या.